अक्काचा सोमवार

आमच्या घरात दर सोमवारी दोन पूजा व्हायच्या. पहिली आप्पांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची, दुसरी शांताक्काच्या कंप्युटरची. पहिलीला मी बेलफुलं काढून द्यायचे आणि दुसरीला नाक मुरडायचे.

शांतादेवी माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. अंबाजोगाईच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत. आप्पा म्हणजे आमचे सासरे रुद्रप्पा. आडत आता थोरले मृत्युंजय भावजी बघायचे आणि माझे यजमान रवि त्यांच्या हाताखाली. सत्त्याण्णव साली भावजींनी आडतीच्या कामाला म्हणून लातूरहून कंप्युटर आणला. महिनाभर त्यांनी एका बोटानं तो बडवला, मग त्यावर टॉवेल टाकला आणि पुन्हा पेन हातात घेतलं. टॉवेल रोज झटकायला अक्का. झटकता झटकता तिला वाटलं, एवढं धड यंत्र नुसतं बसवून ठेवलंय, आपणच शिकावं.

मी तर हादरलेच. चाळिशीला टेकलेली, डोक्यावरून पदर घेणारी बाई बसस्टँडजवळच्या क्लासला दहावीच्या पोरांच्या रांगेत जाऊन बसली! गल्लीतल्या बायका मला खोदून खोदून विचारायच्या, आणि मी काय सांगू? सांगायचे, ‘जातीय बाई, तिचं ती जाणे.’ पण अक्काला लाज अशी वाटायचीच नाही. जे करायचं ते नीट करायचं, एवढंच तिला कळायचं. भाकरी असो नाहीतर कंप्युटर.

क्लासचा मास्तर बद्रीनाथ. त्यानं पोरांना पुष्कळ काय काय शिकवलं असेल, पण अक्कानं त्यातल्या दोन गोष्टी मनावर घेतल्या. एक, आठवड्यातून एकदा बॅकअप घ्यायचा, म्हणजे यंत्रात जे असेल त्याची दुसरी प्रत फ्लॉपीवर काढून वेगळी ठेवायची. दुसरी, बाहेरची कुठलीही फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घालायची नाही, कारण तिच्यातून व्हायरस येतो आणि आतलं सगळं खाऊन टाकतो. बॅकअपचा वार विसरू नये म्हणून तिनं सोमवार धरला. उपास असतो, डोकं न्हायलेलं असतं, चूल निवांत असते. कपाळाला भस्म लावून ओल्या केसांनी ती यंत्रापुढं बसायची. फ्लॉप्यांवर लाल शाईनं तारीख घालायची आणि डबा देवघराच्या खणात ठेवायची. मी म्हणायचे, ‘अक्का, आता ह्यांना पण नैवेद्य दाखव.’ ती हसायची, पण डबा तिथून हलवायची नाही.

तपासण्याच्या बाबतीत तर ती सख्ख्यालाही सोडायची नाही. व्हायरस ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची नवी फ्लॉपी दर महिन्याला बद्रीनाथकडं औरंगाबादहून बसनं यायची. ती हातात पडेपर्यंत अक्काला चैन नसायची. एकदा यांनी मित्राकडून कुठलासा गाड्यांचा खेळ आणला. अक्कानं फ्लॉपी तपासली आणि यंत्रानं टणटण घंटा वाजवली. ‘रवि, काय आणलंस बे हे?’ असं ती माझ्या नवऱ्याला भर ओसरीवर म्हणाली. तो ‘बे’ ऐकून आप्पांनासुद्धा ठसका लागला. भावजी म्हणायचे, ‘माझ्या घरात बायकोनं जकात नाका काढलाय.’

आता आप्पांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आप्पा मोंढ्यात बोली पुकारायचे. शेतकऱ्याच्या मालाच्या ढिगापुढं उभं राहून व्यापाऱ्यांचे भाव मोठ्यानं सांगत चढवत न्यायचे, त्याला पुकारा म्हणतात. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तो केला, आणि भोंगा कधी तोंडाला लावला नाही. त्यांचा पुकारा सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरात कळायचं, आज तूर आलीय का ज्वारी. हाच आवाज लग्नाच्या मांडवात मात्र असा काही गोड व्हायचा की विचारू नका. आमच्या भावकीतल्या एकूण एक लग्नात मंगलाष्टकं आप्पांची. माझ्याही लग्नात त्यांनीच म्हटली. जंगम स्वामी विधी करायचे आणि अष्टकांची वेळ आली की आप्पांकडं बघून मान हलवायचे.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत आप्पांचा आवाज बसला तो उठलाच नाही पूर्ण. पानतंबाखूनं दावा साधला होता. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. घरात कुणाला जेवण गेलं नाही. अक्काची लेक प्रणिता, घरातली एकुलती एक नात, तिची सोयरीक नुकतीच ठरली होती आणि लग्न मे महिन्यात होतं. आप्पा म्हणाले, ‘ऑपरेशन लगीन झाल्यावर.’ डॉक्टर म्हणाले, तोपर्यंत तुम्हीच राहणार नाही. आप्पा म्हणाले, ‘न्हाई तर न्हाई.’ भावजींनी पाय धरले, यांनी रागावून बघितलं. आप्पा हलेनात.

मग अक्का त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसली.

‘आप्पा, तुमी अष्टकं आत्ता म्हणा. मी कंप्युटरात भरून घेते. लग्नात भोंग्यावर तुमचाच आवाज वाजंल.’

‘आन् ते यंत्र बिघडलं तर?’

‘मी बसलीया न्हवं? तुमचा आवाज माझ्याजवळ राहील. शब्द देते.’

आप्पांनी मान हलवली. ‘ठीक हाय. आदी प्रणिताचं लगीन ह्यात भर, मंग मी गळा कापायला जातो.’

कॅसेटवर का नाही केलं, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. आप्पांच्या भजनांच्या दोन कॅसेटी आमच्या टेपरेकॉर्डरनं चावून खाल्ल्या होत्या, तेव्हापासून अक्काचा फितीवरचा विश्वास उडाला होता. बद्रीनाथनं बोटाएवढा माइक आणून जोडला. आप्पा त्या माइककडं बघून म्हणाले, ‘सबंद मोंढ्याला भोंग्याबिगर ऐकवलं म्यां, आन् ह्या काडीपुढं काय बोलू?’ पहिल्याच ओळीला यंत्र किंचाळलं. अक्कानं माइक उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, तेव्हा कुठं आवाज नीट आला. आठ अष्टकं, दिवाळीनंतरच्या आठ सकाळी, आवाज जेवढा साथ देईल तेवढा. आठवं त्यांनी स्वतः रचलं होतं, त्यात प्रणिताचं आणि जावयाचं नाव होतं. ते म्हणताना त्यांना दोनदा थांबावं लागलं आणि मी बाहेर निघून गेले.

मग आप्पा बार्शीला गेले आणि मुके होऊन परत आले.

गळ्याला भोक, त्यावर उपरणं. डॉक्टरांनी एक युक्ती शिकवून पाठवली होती. हवा गिळायची आणि ढेकर वर येताना त्याच्यावर शब्द बसवायचा. सरावानं बोलता येतं म्हणे. आप्पांनी घरी आल्यावर एकदा केलं. बैलगाडीचं चाक दगडावर घासावं तसा आवाज निघाला. आमच्या सगळ्यांचे चेहरे पडले असतील, नाही कशाला म्हणू? आप्पांनी ते बघितलं आणि प्रणिताची जुनी पाटी मागून घेतली. त्यानंतर जे काही बोलायचं ते पाटीवर. अक्का रोज म्हणायची, ‘आप्पा, सराव करा.’ आप्पा पाटीवर एक रेघ मारायचे. रेघ म्हणजे नाही. दिवसातून एकदा मात्र खुणेनं अक्काला बोलवायचे आणि यंत्राकडं बोट दाखवायचे. ती एखादं अष्टक लावायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि नुसते ओठ हलवायचे.

अक्काला एकच घोर होता. ही आठही अष्टकं एका फ्लॉपीवर मावायची नाहीत. एका फ्लॉपीत जेमतेम एकच अष्टक बसायचं, आणि फ्लॉप्या दगा देतात हे ठाऊक असल्यानं तिनं सोमवारच्या डब्यात ती घातलीच नव्हती. बद्रीनाथनं सांगितलं, औरंगाबादला एका दुकानात सीडी कोरून मिळते, त्यावर सगळं एकदम राहतं आणि कधी पुसत नाही. पण त्यासाठी कंप्युटरचा डबा उचलून न्यावा लागणार. भावजी म्हणाले, ‘लग्नाच्या बस्त्याला औरंगाबादलाच जायचंय, जीपमधी टाकू.’ बस्ता ठरला होता एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी.

त्याच्या आदल्या आठवड्यात, बसव जयंती झाल्यावर, बसय्या स्वामी आले.

बसय्या स्वामी आमचे जंगम, घरचे गुरू. गावोगाव फिरून भक्तांच्या घरी जायचं आणि प्रसाद द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांचे पाय धुतले, पाटावर बसवलं, सगळ्यांनी डोकं टेकलं. स्वामींनी झोळीतून भस्माची डबी काढली आणि मग एक भगव्या फडक्यात गुंडाळलेली चीज काढली. सोडून बघतो तर फ्लॉपी! मी चाटच पडले. स्वामींचा चेहरा नव्या नवरदेवासारखा फुलला होता. ‘मठात कंप्युटर आलाय माय. एका भक्तानं पंचांगाचा प्रोग्रॅम करून देलाय. तिथी, वार, मुहूर्त, समदं. ज्याच्या घरी कंप्युटर हाय त्याच्या घरी मी सोता घेऊन जातो. बसवण्णाच्या जयंतीचा प्रसाद समजा.’

अक्कानं फ्लॉपी दोन्ही हातांत घेतली, डोळ्यांना लावली आणि यंत्रात घातली. तपासली नाही.

मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या मनात आलंही, की ही सख्ख्या दिराला सोडत नाही आणि आज कशी घातली? पण तोंडातून शब्द निघाला नाही, कारण मीही तेच केलं असतं. जंगमाच्या हातचा प्रसाद कुणी चाळून घेतं का? खाली पडू द्यायचा नाही, नाही म्हणायचं नाही, तोंडात टाकायचा. पडद्यावर शंकराचं चित्र आलं, खाली तिथी आली. आप्पांनी खाटेवरून हात जोडले. स्वामींना फ्लॉपी पुढच्या घरी न्यायची होती. परत देण्याआधी अक्कानं बटणांवर आणखी काहीतरी टकटक केलं. ‘अक्का, स्वामींचा चहा गार होतोय,’ म्हणून मी ओरडले. तिनं फ्लॉपी काढली, फडक्यात गुंडाळली आणि नमस्कार करून दिली.

पुढचा सोमवार उजाडला. सव्वीस एप्रिल.

अक्का न्हाऊन आली, भस्म लावलं, बसली. बटण दाबलं. पडद्यावर चार अक्षरं आली, थांबली, आणि पडदा काळा झाला. तिनं बंद करून पुन्हा लावलं. आता अक्षरंही नाहीत. आत पंखा तेवढा फिरत होता. तिनं वायर बघितली, स्टॅबिलायझर बघितला, उठून वीज आहे का बघायला दिवा लावला. दिवा लागला. ती पुन्हा बसली आणि बटण दाबलं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. मी दारात पोह्यांची परात घेऊन उभी होते. अक्काच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं आणि मागं खाटेवर आप्पा उठून बसले होते.

बद्रीनाथ धावत आला. आल्या आल्याच म्हणाला, ‘काकू, सकाळधरनं हा तिसरा.’ त्यानं डबा उघडला, आतली डिस्क काढून क्लासला नेली, दुसऱ्या यंत्राला लावली. दुपारी परत आला तेव्हा त्याच्या तोंडाकडंच बघवत नव्हतं.

‘काही न्हाई ह्याच्यात. कोरी हाय. तारखेवर लावलेला व्हायरस हाय हा, आजच्या तारखेला उठतो आन् समदं पुसतो. काकू, कुणाची फ्लॉपी घातलीती?’

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की जगभर त्या दिवशी असेच कंप्युटर मेले. जगाचं मला काय करायचं होतं? मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की बद्रीनाथ विचारतोय आणि अक्का जमिनीकडं बघतेय.

‘प्रसादाची,’ ती म्हणाली.

भावजींचा असा स्फोट मी कधी ऐकला नव्हता. रविला फ्लॉपीवरून भर ओसरीवर बोलणारी तू, आणि स्वामींची कशी घातलीस? आता लग्नाला त्या बसय्याला बोलवणार नाही, दुसरा जंगम आणतो, मठात जाऊन विचारतो! तोंडाला येईल ते बोलत होते. अक्का शांतपणे म्हणाली, ‘स्वामींनी सांगितलं न्हवतं, तपासू नको म्हणून. म्यां तपासली न्हाई. त्यांना कावून बोलायचं?’

आप्पांनी पाटीवर खडू घासला. आम्ही सगळे वळलो. त्यावर लिहिलं होतं, ‘गेला का?’

अक्कानं मान हलवली. शब्द दिला होता तिनं, त्यांना गळा कापायला ह्याच शब्दावर पाठवलं होतं. आप्पांनी हातानं पाटी पुसली, खडू खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. त्या दिवसापासून त्यांनी पाटीलाही हात लावला नाही. म्हणजे आता ते खरेच मुके झाले. लग्नघरात पाहुणे येत होते, पापड वाळत होते, आणि एका खोलीत म्हातारा भिंतीकडं बघत पडला होता. अक्का ताट घेऊन जायची आणि भरलेलं ताट घेऊन यायची. मला धाय मोकलून रडावंसं वाटायचं, पण जिची चूक झाली तीच रडत नव्हती तर मी कोणत्या तोंडानं रडू?

मग एका सकाळी शेजारच्या तुळजाबाईंचा वाडगा आला.

त्यांच्याकडून आमरस आला होता. मी वाडगा घासून धुतला आणि त्यांच्या मोलकरणीच्या हातात द्यायला निघाले. घरात एवढं सगळं झालेलं, माझं कशात लक्ष नव्हतं. अक्का चुलीशी होती. मान वर न करता ती सवयीनं म्हणाली, ‘आगं, रिकामा कावून देतीस? साखर तरी घाल की त्यात. रिकामं भांडं परत…’

आणि थांबली. तिच्या हातातली उलथणी परातीत पडली.

‘अक्का, काय झालं गं?’

ती माझ्याकडं बघतच राहिली. डोळे एवढे मोठे झाले होते की मला वाटलं हिला झटका आला. ‘शिवांजली,’ ती म्हणाली, ‘म्यां फ्लॉपी रिकामी न्हाई देली.’

मला आधी काही कळेना. मग ती धडाधडा बोलायला लागली. स्वामींना प्रसाद आणलेलं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? फ्लॉपीत पंचांग थोड्याच जागेत होतं, बाकी मोकळीच होती. म्हणून तिनं जे पहिलं हाताला लागलं ते आप्पांचं एक अष्टक त्यात घातलं होतं, वाडग्यात चिमूटभर साखर घालावी तसं. घातलं आणि विसरून गेली. साखर घातलेली कुणाच्या लक्षात राहते? तीच ती टकटक! मी चहा गार होतोय म्हणून ओरडत होते ती!

भावजी म्हणाले, माणूस पाठवतो. अक्का म्हणाली, मीच जाणार. स्वामी तेलगावला एका भक्ताकडं उतरल्याचं कळलं होतं. आम्ही दोघी जावा धारूरमार्गे एसटीनं गेलो. वैशाखाचं ऊन, खिडकीतून झळा आत येत होत्या. वाटेत ती एकच बोलली, ‘कुणी पुसलं नसंल न्हवं?’ मी नाही म्हणाले, पण खात्री मलाही नव्हती. फ्लॉपीवर जागा लागली की लोक जुनं पुसतात, हे मला तिच्याच घरात राहून माहीत झालं होतं.

स्वामी ओसरीवर बसले होते. अक्कानं नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. व्हायरस, सव्वीस तारीख, कोरी डिस्क. एक अक्षर लपवलं नाही. स्वामींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झोळीतली ती भगवी गुंडाळी काढून लांब ठेवली, विंचू असावा तशी.

‘माझ्या हातानं?’ ते म्हणाले. ‘बसवण्णाचा प्रसाद म्हणून… चौसाळ्याला डॉक्टरच्या घरी देली, इथं कारखान्याच्या बाबूला देली. माझ्याच हातानं?’

ते पाटावरून उठले आणि अक्काच्या पायाशी वाकायला लागले. जंगम! गृहस्थाच्या घरच्या बाईपुढं! अक्का किंचाळून मागं सरली, खांबाला आदळली. ‘स्वामी, मला पापात घालू नका! चूक माझी हाय. तुमाला ठावं न्हवतं, मला ठावं होतं. आता त्या दोन्ही घरी सांगा तेवढं.’ ‘आन् मला सांगा, ह्याच्यातलं आप्पांचं अष्टक हाय का गेलं?’

स्वामींनी कपाळाला हात लावला. ‘माय, चौसाळ्याचा डॉक्टर म्हणलाता, जागा करून देतो, ते गाणं पुसतो. म्यां पुसू देलं न्हाई. भक्ताच्या घरनं आलेलं पुसायचं असतं व्हय?’

अक्का तिथंच मटकन खाली बसली आणि तेव्हा कुठं रडली. मीही. इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं आम्ही त्या परक्या ओसरीवर.

बद्रीनाथच्या क्लासमध्ये अक्कानं फ्लॉपी हातातच धरून ठेवली. ‘आदी तपास,’ ती म्हणाली. यंत्रानं टणटण घंटा वाजवली, पंचांगातच तो बसलेला होता. बद्रीनाथनं त्याला काढलं आणि मग राहिलेली फाइल उघडली. आप्पांचा आवाज खोलीत भरला. बाहेर चपला घालणारी पोरं थांबली. पहिलं अष्टक, तेवढंच. अक्कानं तिथल्या तिथं त्याच्या तीन कॅसेटी करून घेतल्या आणि आणखी फ्लॉप्या, एक बद्रीनाथकडं, एक तुळजाबाईंकडं, एक माझ्या ट्रंकेत.

घरी येऊन तिनं आप्पांच्या खाटेजवळ टेप लावला. आप्पा भिंतीकडून वळले. पूर्ण ऐकलं, आणि पाटी मागितली. कितीतरी दिवसांनी. लिहिलं, ‘आठवं?’

‘त्ये गेलं आप्पा,’ अक्का म्हणाली. ‘त्ये मी राखू शकले न्हाई.’

आप्पांनी पाटी उलटी ठेवली. रागावले का, मला कळलं नाही. पण त्या संध्याकाळी ते जेवले.

लग्नाच्या दिवशी बसय्या स्वामीच आले. भावजींनी दारात जाऊन त्यांचे पाय धुतले, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना तापटच समजाल. ठरलं होतं असं, की पहिलं अष्टक टेपवर वाजेल आणि बाकीची सात स्वामी म्हणतील. टेपचं बटण अक्कानं माझ्या ताब्यात दिलं होतं. पहिल्या अष्टकानंतर टेप तसाच न ठेवता लगेच त्यात कोरी कॅसेट घालून रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, असंही तिनं बजावलं होतं. राहिलेलं तरी राखू, म्हणाली.

अंतरपाट धरला. मी बटण दाबलं. भोंग्यातून आप्पांचा आवाज आला आणि मांडवातला गलका एकदम बंद झाला. मोंढ्यातले हमाल मागं उभे होते, त्यांतला म्हाळू हुंदके देऊन रडायला लागला. आप्पा पुढच्या खुर्चीत, गळ्याला कोरं उपरणं, डोळे मिटलेले. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या. मी कॅसेट बदलली. स्वामींनी दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. सातवं झालं आणि आठव्यासाठी त्यांनी श्वास घेतला, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला.

स्वामी थांबले. आप्पा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले. उपरण्याखाली हात घालून गळ्यावर बोट ठेवलं, हवा गिळली. मला कळलं ते काय करणार आहेत आणि मी मनात म्हटलं, नको आप्पा, एवढ्या लोकांत नको. 

तो आवाज आला. चाक दगडावर घासल्यासारखा, तुटत तुटत, दर दोन शब्दांनी थांबून पुन्हा हवा गिळत. पण अक्षरं कळत होती. त्यांचंच आठवं अष्टक, त्यांच्याच ओळी, न गाळता. प्रणिताचं नाव आलं तेव्हा अंतरपाटामागून तिचा हुंदका ऐकू आला. अक्काला दिलेल्या रोजच्या रेघांमागं हा माणूस कधीतरी एकटा सराव करत होता तर! आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. शेवटी त्यांनी खूप मोठा घोट घेतला आणि म्हणाले, ‘सावधान.’

एकाही हातातून अक्षता सुटली नाही. सबंध मांडव मुठी तशाच धरून उभा, जणू कुणाला हलायचंच सुचेना. मग नवरीच्या मागून एक मूठ उडाली. अक्काची. मग सगळ्यांच्या.

ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आली. पदर खांद्यावरून घसरलेला, तोंडावर अश्रू आणि अक्षता एकत्र चिकटलेल्या. मला वाटलं गळ्यात पडणार. तिनं माझं मनगट धरलं.

‘शिवांजली, टेप चालू होता का गं?’

मी खाली बोट दाखवलं. कॅसेट फिरत होती, आणि रेकॉर्डिंगच्या बटणावर अंगठा मी अजून तसाच दाबून धरला होता.